पडलेला काटा

मी एक म्हातारी साळिंदर आहे. पाठीवर काटे आहेत आणि मनात राग आहे. मित्रांनो, काट्यांची माहिती तुमच्या पुस्तकात असते. रागाची मी सांगते.

महाबळेश्वरच्या उतारावर एका जांभळीच्या मुळांखाली माझं बीळ आहे. ते मी आणि माझ्या नराने मिळून खणलं. आमची नखं जमीन उकरायला, दात मुळं आणि साली कुरतडायला. सांबराचं गळून पडलेलं शिंग मिळालं तर तेही आम्ही चघळतो, काट्यांना बळ येतं. आमची जोडी एकदा जमली की जन्मभराची. आमचं एक पिल्लूही होतं, अजून मऊ काट्यांचं.

एकदा कोरेगावच्या शाळेची सहल आली. सबीना मॅडम बिळावरच्या खडकावर बसून मुलांना सांगत होत्या, "दक्षिण अमेरिकेत झाडावर राहणारी साळिंदरं असतात. त्यांच्या पायांचे तळवे खरखरीत, नखं आकड्यासारखी वाकडी. शेपटी लांब, तिच्या टोकाला काटेच नसतात. शेपटीने ती फांदीला वेढा घालतात आणि पानं खात बसतात. जमिनीवर क्वचितच उतरतात."

मी आत पडून ऐकत होते. मला हसू आलं. झाडावर कशाला जायचं? आमचं बीळ काय वाईट आहे?

चारच दिवसांनी ते हसू जिरलं. खालच्या वाडीतल्या केरबाची सून संयोगिता गरोदर होती. त्यांच्या घरात डोहाळजेवणाला साळिंदराच्या काट्याने सुनेचा भांग पाडायची रीत आहे. हवा होता एक काटा. त्यासाठी केरबा आणि त्याचा मित्र गुंडा भर दुपारी आले आणि त्यांनी बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर केला. आम्ही मागच्या वाटेने निसटावं म्हणून माझा नर पुढच्या तोंडाने बाहेर गेला. त्याला त्यांनी काठ्यांनी मारलं.

मी आणि पिल्लू करवंदीच्या जाळीत दडलो होतो. मी वर जांभळीकडे पाहिलं. त्या परदेशी भावंडांची नखं आणि शेपटी आम्हाला असती, तर आम्ही तिघंही त्या फांदीवर असतो. मला त्यांचा हेवा वाटला, आणि केरबाचा इतका संताप आला की दात आपोआप करकरू लागले.

आणखी एक सांगते. आमचे काटे आपोआप गळतात. बिळाकडच्या पायवाटेवर ते नेहमी पडलेले असतात. केरबा येताना ते तुडवत आला आणि जाताना तुडवत गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले. मी आणि पिल्लू रात्रीच बिळात परतलो होतो.

"घरातली म्हनती, रगात लागल्याला काटा सुनंच्या भांगाला चालत न्हाई," केरबा कुरकुरत होता. "आता दुसरं साळिंदर बघायला पायजे."

"जपून रं गड्या," गुंडा म्हणाला. "लांबनं बाणावानी काटं मारतंय. डोळं संबाळ."

ही त्यांची समजूत. आम्हाला काटे फेकता येत नाहीत. पण केरबाने डोळ्यांसमोर जाड घोंगडी धरली आणि पाय उघडेच ठेवले. मी धुराची वाट पाहिली नाही. बाहेर आले, शेपटी खळखळवली आणि त्याच्याकडे पाठ केली. त्याला वाटलं, मी पळते आहे. मी सगळा जोर लावून उलट्या पावलांनी त्याच्या नडग्यांवर आदळले.

त्याची किंकाळी मला अजून आठवते आणि अजून गोड वाटते. गुंडा तर मित्राला तिथेच टाकून पळाला.

महिन्याभराने केरबाची बायको रंगूबाई सरपणाला आली. सोबत सून होती.

"साताऱ्यात ह्यांच्या पायाचा पू थांबंना, म्हनून मिरजंला न्ह्यावं लागलं," रंगूबाई तेच तेच उगाळत होती. "डाक्टरला काय सांगायचं? शिकारीला गेल्तं म्हनलं तर फॉरेस्टवालं धरत्याल. बाभळीवर पडलं म्हनून सांगितलं. डाक्टर नुसता हसला."

संयोगिता खाली वाकली. तिच्या हातात पांढऱ्या पट्ट्यांचा एक स्वच्छ काटा होता.

"आत्या, ह्यो बघा की. हितं तर लय पडल्यात."

रंगूबाईने काटा हातात घेतला. "आगं बया! आन् ह्येच्यासाठी त्या मुक्या जिवाला मारलं व्हय गं?"

तिने बिळाशी कुंकू वाहिलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि डोळे पुसत काटा घेऊन गेली. खोबरं मी खाल्लं. माफ केलं नाही.

केरबा आता लंगडतो. रताळ्यांच्या दिवसांत मी पिल्लाला घेऊन खाली जाते. वाटेत लालासाहेब नावाच्या शेतकऱ्याचं रान लागतं, त्याला आम्ही तोंड लावत नाही. केरबाचे वेल मात्र मुळासकट उपटतो. भूक नसली तरी उपटतो.

मित्रांनो, काटा हवा असेल तर खुशाल वाटेवरचा उचला. माझी काही तक्रार नाही. पण धूर घेऊन बिळाशी याल, तर पिल्लूही आता मोठं झालं आहे. पाठ कधी फिरवायची, ते मी त्याला शिकवलं आहे.