कुलपाआडचा निरोप

मित्रांनो, भिंतीवरच्या फळ्याला तुम्ही सगळे ओळखता. मी त्याचा कापडी भाऊ, एक जुना गुंडाळी फळा आहे. वर एक दांडी, खाली एक दांडी आणि मधे काळा रंग दिलेलं जाड कापड. गुंडाळलं की मी काखेत मावतो, सोडलं की चार फूट लांब होतो.

माझा जन्म देगलूरच्या एका दुकानात झाला. दुकानाचे मालक लालमहंमद ताडपत्र्या आणि गाड्यांच्या गाद्या शिवायचे. त्यांची लेक गौसिया शिक्षिका झाली आणि तालुक्यातल्या एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची नेमणूक झाली. तेव्हा अब्बांनी उरलेल्या कापडाला तीन हात काळा रंग दिला, कडा दुमडून शिवल्या आणि म्हणाले, "भिंतीवरचा फळा वर्गातच राहील बेटा. ह्यो तुझ्यासंगं फिरंल."

फिरलोही मी भरपूर. लिंबाखाली पाढे, ओढ्याकाठी कविता, आठवडी बाजारात वजाबाकी. चौथीपर्यंतचं सगळं मला येतं, भागाकार सोडून. भागाकाराच्या वेळी नेमकी शाळा सुटायची घंटा व्हायची.

मग शाळेत टीव्ही आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण या पाहुण्याचे नऊ दिवस तीन वर्षं चालले. मी कपाटावर जाऊन पडलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, आणि वीज गेली की टीव्हीही माझ्याइतकाच काळा दिसतो एवढंच काय ते समाधान. वरून मला गौसिया मॅडम दिसायच्या. आज किती जणांनी खिचडी खाल्ली, किती झाडं जगली, कुठल्या दिवसाचा फोटो राहिला, असलं काहीतरी त्या सारख्या फोनवर भरत असायच्या. "लेकरांकडं बघायचं सोडून फोनकडं बघून राहिले मी," असं त्या एकदा स्वतःशीच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत आमच्यावर संकट आलं. शाळेचा पट सतरा, आणि वर्गात येत होती पाच मुलं. बाकीची आईबापांबरोबर शेतात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणाच्या घरी मागं थांबायलाच माणूस नव्हतं. नेमकी त्याच दिवसांत तालुक्याला एक यादी तयार होत होती. वीसच्या आत पट असलेल्या ज्या शाळा नीट चालत नाहीत, त्या मोठ्या शाळेत मिसळायच्या. आमच्यासाठी मोठी शाळा म्हणजे ओढ्यापलीकडची, तीन किलोमीटरवरची. आमचं काय करायचं ते तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

पण मॅडम शेऱ्याच्या भीतीनंच बाहेर पडल्या असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. पहिलीतली तनुजा तेव्हा नुकती अक्षराला अक्षर जोडू लागली होती. काढणी संपेपर्यंत ती घरी राहिली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. मॅडम स्टुलावर चढल्या, मला खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि थेट वाडीतल्या शेतकरी ग्यानोबांकडं गेल्या. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, खोपटाला आखाडा म्हणतात. ग्यानोबांचा आखाडा सगळ्या शेतांच्या मधोमध होता.

"मॅडम, जागा लई हाय," ग्यानोबा म्हणाले. "बैलं तेवढी पल्याड बांधतो."

दुसऱ्या दिवसापासून मी आखाड्याच्या खांबाला लटकलो. पोरं कडेवरच्या भावंडांसकट आली. मला तर कात टाकल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी विस्तार अधिकारी शेषेराव साहेब शाळेवर आले. दाराला कुलूप. त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'शाळा बंद आढळली.' तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या सिंधुताई डोक्यावर पातेलं घेऊन शाळेमागून निघाल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, कारण नंतर त्या ते गावभर सांगत होत्या.

"शाळा बंद न्हाई सायब, शाळा शेतात हाय. खिचडी बी तिकडंच निघाली. या माझ्या मागं."

साहेब बांधावरून, बूट सांभाळत आले. माझ्या कोपऱ्यात तारीख होती, पट सतरा, हजर सतरा. त्यांनी डोकी मोजली. सतराच भरली, वर तीन रांगती. त्यांनी तनुजाला माझ्यावरचं वाचायला सांगितलं. ती एका शब्दाशी अडली, मागं आली आणि वाचून गेली. माझा जीव भांड्यात पडला.

पण साहेबांचा चेहरा काही सैल होईना. "वाचतात, चांगलं आहे. पण मॅडम, दारावर साधी चिठ्ठी नाही. शाळा कुठं गेली ते येणाऱ्याला कसं कळावं?"

"निरोप लिहिला होता साहेब. रोज लिहिते. फळ्यावर, मोठ्या अक्षरांत."

"कुठल्या फळ्यावर?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. शाळेतला कुठलाही निरोप फळ्यावर लिहायचा, ही अठरा वर्षांची सवय. चारही दिवस त्यांनी निरोप वर्गातल्या फळ्यावर लिहिला होता आणि वरून कुलूप लावलं होतं.

"म्हंजे निरोप आत आन वाचणारा भाईर," ग्यानोबा म्हणाले आणि हसले. मॅडमच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"चूक माझी हाय साहेब. मला नोटीस द्या. पण ही शाळा ओढ्यापलीकडं नेऊ नका. मोठी शाळा चांगलीच असंल. पण सहा वर्षांच्या पोरीला जिथवर चालत जाता येतं, तीच तिची शाळा. आन आमच्याकडून भरून घ्यायची माहिती जरा कमी करा, शिकवायला येळ द्या. दुसरं काय मागत न्हाई मी."

"चला, निरोप दाखवा," साहेब म्हणाले. मग सगळी वरात शाळेकडं निघाली. मी मॅडमच्या काखेत होतो. कुलूप निघालं. भिंतीवर माझा थोरला भाऊ चार तारखांचे चार निरोप घेऊन उभा होता: 'आज शाळा ग्यानोबांच्या आखाड्यावर. दोन बांध ओलांडून या.'

साहेबांनी ते चारही वाचले. वहीतली ओळ खोडली, खाली लिहिलं, 'शाळा सुरू आहे, उपस्थिती पूर्ण,' आणि निघताना म्हणाले, "उद्यापासून निरोप दाराबाहेर."

दिवाळीनंतर यादी आली. मॅडमनी ती तीनदा वाचली. तिच्यात आमची वाडी नव्हती. त्या पायरीवर बसल्या, देगलूरला फोन लावला आणि इतकंच म्हणाल्या, "अब्बा, वाचली शाळा." त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असतो. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल तर त्याला ओल्या फडक्यानं पुसा आणि बाहेर घेऊन जा. आणि आणखी एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी साहेब होईल, शाळांच्या याद्या करील. कधी एखाद्या लहान शाळेच्या दाराला कुलूप दिसलं, तर वही उघडण्याआधी गावात विचारा, लेकरं कुठं आहेत? आणि ती जिथं असतील तिथवर चालत जा.