डोळे कुणाच्या वळणावर

शिवतेज जन्मला त्याच दिवशी त्याची वाटणी झाली. माझी आई चंद्राबाई म्हणाली, नाक आमचं. बाळाला बघायला म्हसवडहून आलेले हंबीरमामा म्हणाले, रंग आमचा. हंबीरमामा म्हणजे माझ्या बायकोचे, संयोगिताचे मामा. ती लहान असतानाच तिचे आईवडील गेले आणि मामांनीच तिला वाढवलं, त्यामुळं तिचं माहेर म्हणजे तेच. कपाळ आमच्या गावाला, कुंडलला राहिलं, कान म्हसवडला गेले. पुढं पोरगं बोलायला लागल्यावर आवाज, शाळेत गेल्यावर अक्षर, ताटावर बसल्यावर भूक, अशी एकेक गोष्ट दोन्ही घराण्यांनी आपापल्या नावावर लावून घेतली. बापाला, म्हणजे मला, कुणी काही विचारलं नाही.

आठ वर्षं सुखात गेली. मग शिवतेजच्या डोळ्यांत खोट निघाली आणि ते डोळे घ्यायला कुणी पुढं येईना.

खोट अशी, की दिवसा चष्मा लावून आंब्यातला पोपट दाखवणारं पोर दिवेलागण झाली की चाचपडायला लागायचं. आधी आम्हाला वाटलं, वेंधळं आहे. उसात ठिबकच्या नळीत पाय अडकून पडायचा. एकदा संध्याकाळी गोठ्याजवळ म्हशीवर धडकला आणि तिला ‘सॉरी काकू’ म्हणाला. आम्ही आठवडाभर हसत होतो. आईनं गाजरं, पपई आणि शेवग्याच्या पाल्याचा असा काही मारा केला की पोर आजीला बघून पळायला लागलं. एवढं करून काही फरक पडला नाही, तेव्हा संयोगितानं त्याला सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

“हा रातांधळेपणा आहे,” बाई म्हणाल्या. “खाण्यापिण्यातून आलेला नाही, जन्माचा आहे. घराण्यातून येतो. ह्याच्यात दोन तऱ्हा असतात. एकात फक्त अंधारात दिसत नाही आणि जन्मभर तेवढंच राहतं. दुसऱ्यात हळूहळू दिवसाचंही दिसायचं कमी होतं.”

“ह्याचं कुठलं?” संयोगितानं विचारलं.

“आत्ता सांगता येत नाही. रक्त पुण्याला पाठवते, पण निकालाला वेळ लागेल. त्यापेक्षा घरात कुणी वयस्कर माणूस बघा. रात्री दिसत नाही, पण दिवसा चांगलं दिसतं, असं. मिळालं तर घेऊन या. त्यांचे डोळे बघितले की ह्याच्याविषयी मला पुष्कळ कळेल.”

परत येताना जीपमध्ये शिवतेज म्हणाला, “मंजे मला दिवसापण दिसायचं बंद होणार?”

संयोगितानं त्याला जवळ ओढलं. मी गाडी चालवत होतो, आणि भर दुपारी मलाच पुढचा रस्ता नीट दिसेना.

घरी आल्यावर शोध सुरू झाला. आपण एवढंच तर विचारतोय, की बाबा, आपल्यात कुणाला रात्रीचं दिसत नाही का? पण आईनं असा चेहरा केला, जणू तिच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

“आमच्या घराण्यात असलं काय बी न्हाई!”

“मग तात्या हिरीत कसं पडलं?” संयोगितानं तयारीच ठेवली होती.

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. पहाटे देवपूजेचं पाणी काढायला विहिरीवर गेले आणि पाय घसरला, असं आमच्या घरात सांगतात. त्यांच्या फोटोला रोज हार असतो. आईनं एकदा त्या फोटोकडं बघितलं, एकदा सुनेकडं.

“प्यालं हुतं म्हणून पडलं!” ती ठणकावून म्हणाली. “डोळं खणखणीत हुतं त्येंचं.”

वीस वर्षं साधुपुरुष असलेले तात्या एका दुपारी दारुडे झाले, पण घराण्याचे डोळे वाचले.

म्हसवडला फोन लावला तर मामा उसळलेच. “आमच्यात? छ्या! आमची माणसं नव्वदीत सुईत दोरा ओवत्यात. जावयाच्या घरात बगा म्हणावं.”

हंबीरमामांवर शंका घेणं तर पापच होतं. मामा नेमाचे म्हणून गावात नावाजलेले. दिवा लागला की घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यांनी तरुणपणी ग्रामदैवत सिद्धनाथाला बोलून ठेवलेलं आणि पन्नास वर्षं ते पाळलेलं. लग्न असो, मयत असो, तंटा असो, हंबीरराव संध्याकाळी घरात. मी कट्ट्यावरून उशिरा आलो की संयोगिता मला ह्याच नेमाचा दाखला द्यायची. त्यापायी मला सिद्धनाथाचाही थोडा राग यायला लागला होता.

तर तिचं पक्कं ठरलं होतं, की खोट आमच्याकडची आहे आणि आम्ही ती लपवतोय. आई डोळे तपासून घ्यायला तयार नव्हती. माझा चुलतभाऊ वीरधवल फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेला. तो म्हणाला, “वहिनी, पंधरा साल नाईट ड्यूटी केलीया. आता आनि काय तपासायचं?” मग एका सकाळी संयोगिता मला भांडी घासता घासता म्हणाली, “शिवतेजचा वाढदिवस हाय. समद्यांना घिऊन सांगलीला दुपारचा शिणेमा बगायला जाऊ.”

“सिनेमा?”

“दिवं गेल्यावर आत शिरायचं. मग बगती कोण कोण धडपडतंय ते.”

मी हात जोडले. वर तिला साक्षीला आपल्या बाजूचं एक वजनदार माणूस हवं होतं, म्हणून तिनं मामांना बोलावून घेतलं. मामा आदल्या दिवशी उजेडात कुंडलला पोचले, पण सिनेमाचं नाव काढताच त्यांना एकाएकी गुडघेदुखी झाली, मग पित्त झालं, मग सिनेमा हा माणसाला बिघडवणारा प्रकार आहे असं ते म्हणाले.

“मामा, तुमी नगं म्हणू नगा,” संयोगिता म्हणाली. “दुपारचा खेळ हाय. तुमचा नेम कुटं आडवा येतुया?”

मामांना कबूल व्हावं लागलं. आता वाटतं, त्यांचा चेहरा तेव्हाच बघायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही थिएटरात मुद्दाम उशिरा शिरलो. दारातला बॅटरीवाला वाट दाखवायला पुढं आला, त्याला संयोगितानं “ऱ्हाऊ द्या भाऊ, आमाला दिसतंय” म्हणून थांबवलं. जाड पडदा बाजूला करून आम्ही आत गेलो. आत डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा काळोख. सिनेमाचा पडदा दिसायच्या आधी एक वळण होतं, तिथं तर काहीच नाही. आई पुढं झाली. आयुष्यभर लोडशेडिंगमध्ये स्वयंपाक केलेली बाई ती. सरळ आपल्या रांगेपर्यंत गेली, एका अनोळखी गृहस्थाला “पाय घे रं बाबा मागं” म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिच्यामागं वीरधवल परेडला चालल्यासारखा गेला. मी त्याच्यामागं जपून पाय टाकत होतो आणि संयोगिता माझा दंड धरून कानात विचारत होती, “दिसतंय का? खरं सांगा, दिसतंय का?”

दिसत होतं. आम्ही चौघं बसलो. संयोगिताचा चेहरा पडला होता. इतक्यात माझ्या लक्षात आलं, की दोन खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी उठून मागं गेलो, संयोगिता माझ्यामागोमाग. वळणाशी भिंतीला चिकटून दोघं उभे होते. मामांनी एका हातानं दाराचा पडदा घट्ट धरला होता आणि शिवतेजनं मामांचं धोतर.

“मामाआजोबा, चला की.”

“हां. चलतो. तू हो फुडं.”

“मला दिसत न्हाई.”

आत सिनेमात कुणीतरी कुणाला तरी बडवत होतं, त्याचा आवाज येत होता. मी पुढं होणार तेवढ्यात शिवतेज म्हणाला, “तुमाला दिसतंय का?”

मला वाटलं मामा आता गुडघ्याचं सांगतील, पित्ताचं सांगतील. नऊ वर्षांचं पोर अंधारात त्यांच्या तोंडाकडं मान वर करून उभं होतं, त्याला ते तोंड दिसत नव्हतं.

“न्हाई रं बाळा,” मामा म्हणाले. “मलाबी दिसत न्हाई. कंदीच दिसलं न्हाई.”

“खरं?”

“नाथाची आण.”

“आन दिवसा?”

“दिवसा लख्ख दिसतंय की! दिवसाला काय झालंय?”

माझा दंड एकदम मोकळा झाला. संयोगितानं दोघांची मनगटं धरली आणि त्यांना ओढतच बाहेर उजेडात आणलं. तिकीटवाल्याच्या पुढ्यातलं वर्तमानपत्र उचललं, मामांच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, “वाचा!”

“काय वाचू?”

“काय बी वाचा! बारीक अक्षर वाचा!”

अडुसष्ट वर्षांच्या मामांनी चष्मा सारखा केला आणि पोथी वाचावी तशा आवाजात वाचायला घेतलं, “दुभती म्हैस विकणे आहे. स्वभावाने गरीब. मध्यस्थांनी फोन करू नये...” तिकीटवाला बघतच राहिला. संयोगिता रडत होती आणि हसत होती.

“पन्नास वर्सं, मामा? देवाच्या नावावर?”

“देवाला ठावं हाय. त्येचं माजं बोलनं झालंय.”

“आन मी? मला का न्हाई सांगितलं?”

मामांनी पेपरची घडी घातली, परत उघडली. “आदी तुज्या आईचं लगीन व्हायचं हुतं. मग तुजं. रातांधळ्याची भाची कोण करून घेनार हुतं गं? मग सवय झाली. फोनवर तू इचारलंस तवा तोंडातनं आपोआपच न्हाई निगालं. ह्यानं इचारलं तवा निगंना.”

मध्यंतरात आई आणि वीरधवल आम्हाला शोधत बाहेर आले. वीरधवलनं आधी पॉपकॉर्न घेतलं आणि मग विचारलं, “वहिनी, आमी पास का?” म्हणजे त्याला सगळं आधीपासून कळलेलं होतं. उरलेला सिनेमा सोडून आम्ही सगळे डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वीरधवल अजून म्हणतो की शेवट बघायचा राहिला.

बाईंनी मामांचे डोळे पुष्कळ वेळ तपासले. लहानपणी कसं होतं, आता कसं आहे, दिवसा बाजूचं दिसतं का, सगळं खोदून विचारलं. शिवतेज शेजारच्या स्टुलावर बसून त्यांच्या प्रत्येक उत्तरावर मान हलवत होता, “माझं पण असंच, माझं पण असंच.” कितीतरी महिन्यांनी मी त्याला असं खुशीत बघत होतो.

“ही न वाढणारी तऱ्हा आहे,” बाई म्हणाल्या. “पुण्याचा निकाल येऊ दे, पण ह्यांच्याकडं बघून मला तरी जवळजवळ खात्री वाटते. अंधारात सांभाळायचं. दिवसाचे डोळे जाणार नाहीत.”

संयोगितानं डोळ्याला पदर लावला. मग बाईंनी सांगितलं, की हे आईकडून मुलग्याकडं येतं. बाईमाणसाला स्वतःला काही होत नाही, ती फक्त पुढं देते. मामांच्या बहिणीकडून भाचीकडं आणि भाचीकडून शिवतेजकडं आलेलं आहे.

मी आईकडं बघायचं टाळलं. दोन महिने सुनेनं तिच्या घराण्याची लाज काढली होती, मेलेल्या दिराला दारुडं म्हणायला लावलं होतं. आता तिची पाळी होती, आणि आई अशी पाळी कधी सोडत नाही. संयोगिताची मान खाली गेली होती.

“आत्याबाई, माजंच हुतं,” ती सासूला म्हणाली.

“मग? मुद्दाम दिलंयस व्हय?” आई म्हणाली. “ऊठ, तोंड धू. पोराला भूक लागली आसंल.”

बाहेर आलो तर दिवस मावळला होता. सांगलीत त्या रस्त्याचं काम चाललेलं, चर खणलेले, खडीचे ढीग, दुकानांचे दिवे अजून लागायचे होते. जीप पलीकडच्या बोळात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हंबीरमामा दिवेलागणीला घराबाहेर होते. दवाखान्याच्या पायरीवर ते थांबले. मला वाटलं, आता काहीतरी निमित्त काढतील, चहा घेऊ म्हणतील, गाडी इथंच आणा म्हणतील. रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. भाजीवाल्या बायका बसल्या होत्या.

मामांनी हात पुढं केला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, “आवं, कुनीतरी धरा मला! मला दिसत न्हाई!”

“मला पण!” शिवतेज त्यांच्याहून मोठ्यांदा ओरडला.

आईनं एका हातात मामांचा हात घेतला, दुसऱ्यात शिवतेजचा, आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला शिव्या घालत दोघांना रस्त्यापलीकडं घेऊन गेली.