कानशीचे गळ

गळाचं टोक तिनं अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि अलगद ओढलं — घसरलं नाही, रुतलं, नखावर पांढरी रेघ उठली... म्हणजे चांगला. घसरला असता तर बोथट. सतरा गळ पाहून झाले होते, सतरा रेघा उठल्या होत्या, आणि बायनाबाईला वाटलं, आपलं सगळं शहाणपण या एका नखाएवढं आहे. नखाच्या पलीकडचं आपल्याला जन्मात काही ओळखता आलेलं नाही.

उमापूरच्या बाजारात राधाकिशन लोहाराच्या पालाखाली ती सकाळपासून उकिडवी बसली होती. समोर गोणपाटावर दोन ढीग. डावीकडे धावेचे गळ — बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव तोडून केलेले, मऊ. उजवीकडे कानशीचे — लोखंड घासायच्या जुन्या कानशी तापवून, वाकवून, पाणी देऊन केलेले, काळेनिळे. दोन्ही अर्ध्या वितीचे, दिसायला सख्खे भाऊ. फरक कळतो तो ताण पडल्यावर. धावेचा गळ फार ओढ बसली की हळूहळू उलगडतो, सरळ होतो, मासा सुटतो. कानशीचा उलगडत नाही. काहीही झालं तरी उलगडत नाही.

"बायनाबाई, पोरगी बघाया आल्यावानी बघतीस की," राधाकिशन भाता ओढता ओढता म्हणाला.

"पोरगी बघताना असं नख लावून बघत असते तर निम्मे संसार झालेच नसते."

पालाखालची दोन माणसं हसली. ती पुढचा गळ उचलत होती. बोलणं तिच्या तोंडून असंच निघायचं, हात दुसरीकडे आणि मन तिसरीकडे असताना.

धर्मराज तिच्यामागे उभा होता, पायाचा भार बदलत. तिच्या दिराचा मुलगा. मुंबईच्या गोदीत पोती वाहायचा. बहिणीच्या लग्नाला आला होता आणि उद्या गाडी जुंपून जालन्याच्या टेसनावर जाणार होता. येताना उत्तरेश्वरचा निरोप घेऊन आला. उत्तरेश्वर तिचा एकुलता. दोन वर्षांपूर्वी मोगलाई सोडून इंग्रजी मुलुखात गेला, गोदीत टिकला नाही, कोळ्यांच्या एका होडीवर चढला आणि आता खाऱ्या पाण्यात मासे धरत होता. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गावातला भोई — समुद्र कसला, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी मिळालं तरी हरखणारा. निरोप असा होता की आईनं दोन डझन गळ द्यावेत आणि कानशीचेच द्यावेत. तिथले गळ मुशीच्या ओढीनं सरळ होतात. होडीवरचे त्याला गोड्या पाण्याचा म्हणून हसतात. त्यानं होडीच्या म्होरक्याला, तांडेलाला, शब्द दिलाय, माझ्या आईनं निवडलेला गळ उलगडत नाही.

"मुशी म्हंजी कसली रं?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मासाच हाय, काकी. पर गाडीएवढा. दात आरीवानी."

"तू बघितलास?"

"मेलेला बघितलाय. धक्क्यावर."

"आन दोरी कशाला बांधत्यात? मनगटाला का नावेला?"

"नावेला," धर्मराज लगेच म्हणाला.

म्हणजे त्याला माहीत नव्हतं. खरं बोलायचं असलं की हा आधी डोकं खाजवतो, हे तो नागडा फिरत होता तेव्हापासून तिला ठाऊक होतं. पोती वाहणाऱ्यानं होडीवरची दोरी कधी बघायची? पण चुलतीला बरं वाटावं म्हणून बोलला, बिचारा. तिनं मान हलवली. कुणी आपल्यासाठी खोटं बोललं की ते खरं मानल्यासारखं करावं लागतं, तेवढं तिला जमत होतं.

ज्यानं पाण्यात जायचं त्यानं गळ निवडायचा नाही, ही त्यांच्या घरातली रीत. निवडायचा तो काठावर थांबणारीनं. सासूनं तिला शिकवलं तेव्हा कारण सांगितलं नव्हतं — कारणं सांगत बसायला सासूला सवड नव्हती — पण दहा-बारा हंगाम गेल्यावर तिचं तिलाच कळलं. पाण्यात जाणारा नेहमी न उलगडणाराच मागतो. त्याला मासा दिसत असतो. काठावरचीला माणूस दिसतो. म्हणून घरात धावेचेच गळ यायचे; चार मासे सुटायचे, तिचा नवरा धोंडीराम चार शिव्या घालायचा, आणि रात्री घरी असायचा.

आणि मग त्या वर्षी तो म्हणाला, औंदा एक तरी कानशीचा घे. खालच्या डोहात मोठा मासा आलाय, दोनदा गळ सरळ करून गेला. ती नाही म्हणाली. तो रुसला. मोठा बाप्या माणूस, दोन दिवस भाकरीला मीठ नाही म्हणून भांडला, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन बसला, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या हातचा गळ आसंल तर त्यो मासा जाईल कुटं?" ...एवढंच. एवढ्यावर मी विरघळले. लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई, पाठीवरच्या एका हातानं. मीच आले या राधाकिशनकडे, मीच नख लावलं, मीच ताग वळून दोरी केली, चांगली तिपेडी, तुटू नये म्हणून.

दोरी तुटली नाही. गळ उलगडला नाही. मासा सांगडीसकट त्याला ओढत गेला — सांगड म्हणजे काय, सुकलेले चार भोपळे बांधलेले — आणि कपारीखाली शिरला. तिसऱ्या दिवशी दोघं एकत्रच सापडले, एका दोरीची दोन टोकं. माणसं बाहेर काढणारी, रडणारी, आणि त्यातलं कुणीतरी माशाच्या जबड्यातून गळ सोडवताना हळहळून म्हणालं, "गळ मात्र पक्का निघाला." तिथून तिचं नाव झालं. पंचक्रोशीतल्या भोयांच्या बायका गळ दाखवायला तिच्याकडे यायला लागल्या. अकरा वर्षं येत होत्या. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. सगळ्यांना धावेचे दिले, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

"मग कोणते, काकी?" धर्मराजनं विचारलं.

"त्यानं मागितलेत तेच."

कानशीचे चोवीस गळ तिनं वेगळे काढले. राधाकिशननं नेढ्यांतून सुतळी ओवून जुडी बांधली, गाठीवर गाठ मारली. त्याच्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य होतं; धोंडीरामनंतर या बाईनं कानशीचा गळ हातात धरलेला त्यानं बघितला नव्हता. तो पुन्हा भात्याकडे वळला.

तिच्या मनात काय होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. खारं पाणी लोखंड खातं, हे धर्मराजनंच सांगितलं होतं. तिथल्या गळांना कथलाचं पाणी चढवलेलं असतं. कल्हई तर करायलाच हवी. आणि पूर्वी एकदा तिच्या हातून कानशीचा एक गळ चुलीतल्या निखाऱ्यांत राहिला होता. राखेतून काढला तर दिसायला तसाच... दोन बोटांनी वाकला, उसाच्या पाचटासारखा. आच फार बसली की लोखंडाला दिलेलं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. कल्हईवाल्याला नुसतं म्हणायचं, चांगले तापवा. गळ रुप्यासारखे चमकतील, उत्तरेश्वर खूश होईल, तांडेल खूश होईल, आणि मुशीनं ओढलं की मुकाट उलगडतील. पोराला होडीवर हसतील. हसू देत. ज्याला हसतात ते पोर घरी येतं. आईनं निवडलेला गळ म्हणून पुन्हा कधी नाव काढणार नाही. नाही काढलं तर नाही.

धर्मराज पान खायला गेला. ती जुडी घेऊन बाजाराच्या टोकाशी, चिंचेखाली बसलेल्या कल्हईवाल्या चाचांकडे गेली. खड्ड्यात निखारे, जमिनीत पुरलेल्या भात्याची नळी, नवसागराचा नाकात झोंबणारा धूर.

"गळाला कल्हई कायकू, बाई?" चाचा म्हणाले. "मच्छी काय थाळी समजून येणार?"

"दर्याच्या मच्छीचा रुबाब ऱ्हातो, चाचा. काळ्या लोखंडाला तोंड लावत न्हाई."

चाचा खोकत हसले. जुडीची गाठ ओढून बघितली, सुटेना. "सुरी हाय?"

तिनं कमरेची सुरी काढून दिली. चाचांनी सुतळीखाली पातं घातलं, मनगट जरासं वळवलं. सुतळी तुटली. गळ मातीत पसरले.

किती सोपं.

सुरी धोंडीरामची होती. त्या दिवशीही त्याच्या कमरेला होती. काठावर आणला तेव्हा तिनंच ती सोडली होती — वर गुंडाळलेली चिंधी, चिंधीची गाठ, घरून निघताना मारली होती तशीच. दोरी डाव्या मनगटाला. उजवा हात मोकळा. हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? अकरा वर्षं ती याच सुरीनं मासे कापत होती. माहीत होतं, आणि ते तिनं गळाच्या आड ठेवून दिलं होतं, पाहुण्यांना दिसू नये म्हणून फुटकं भांडं उतरंडीमागं ठेवतात तसं. वेळ मिळाला नसेल, असं ती मनाशी म्हणायची. पण काठावर धुणं धूत असलेल्या बायांनी बघितलं होतं. सांगड पाव कोस ओढत गेली म्हणाल्या. तो ओरडत होता म्हणाल्या, धरलाय, धरलाय... मदतीला ओरडला नाही. हसत होता, असंही एक जण म्हणाली, आणि बाकीच्यांनी तिला गप्प केलं.

पाव कोसात सुरी किती वेळा निघते? मी कधी हिशेब केला नाही. करायचा नव्हता म्हणूनच गळाला धरून बसले. माझं चुकलं, माझं चुकलं — त्यात ऊब होती. माझं चुकलं म्हणजे तो माझ्यापायी गेला, निदान माझ्यापायी. त्याला मासा सोडवला नाही, आणि मी, चूल, सात वर्षांचं पोर, हे सगळं त्या पाव कोसात त्याला एकदाही आठवलं नाही... हे मग मानावं लागलं नाही.

"आच किती देऊ?" चाचा विचारत होते. एक गळ त्यांनी नखावर वाजवून बघितला होता आणि त्यांना लोखंड कळलं होतं. "हे पोलाद हाय. कमी आच दिली तर कल्हई पातळ बसेल, पर जोर ऱ्हाईल. ज्यादा दिली तर चमकेल लई, पर मरेल. तू बोल."

मऊ गळ गेला तर उत्तरेश्वर दुसरीकडून टणक आणील. टणक गेला तर हाच वापरील. मनगटाला दोरी असो की नावेला, त्याच्याही कमरेला सुरी असेल, आणि ती काढायची की नाही हे काठावरच्या कुणाला निवडता येत नाही. कुठल्याच आचेवर नाही. हे कळलं तेव्हा तिचे हात एकदम रिकामे झाले. नखानं आता काय बघायचं?

"बोल, बाई. निखारा उतरतोय."

तिला उत्तर द्यायचं होतं. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला धोंडीरामचा राग आला होता. जेवण निवून गेलं तरी न येणाऱ्या नवऱ्याचा येतो तसा, साधा, घरातला राग. डोळ्यांत पाणी आलं, नवसागराच्या धुराचं म्हणून खपेल इतकं. तो मेल्यापासून इतका जवळ कधी आला नव्हता, आणि त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय, आज तरी, तिला दुसऱ्या कुणाशी बोलायचं नव्हतं.