दुधाणीची खूण

रहिमतपूरच्या स्टँडसमोर आमच्या कपिलदादाचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. हात स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. पण डोक्यातून काही नवीन काढायचं म्हटलं की गडी नुसता बसून राहायचा. ते काम माझं, म्हणजे धाकट्या बहिणीचं, आम्रपालीचं. मी कागदावर चित्र काढायची आणि सुईनं त्याच्या रेघा टोचून खाका करायची. दादा तो खाका पत्र्यावर धरून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटायचा, आणि उमटलेल्या ठिपक्यांवर रंग भरायचा.

शहाण्णव साली दुधाणी धबधब्याच्या कमिटीनं आम्हाला पाट्यांचं काम दिलं. तोवर तिथली प्रत्येक पाटी वेगळ्या तोंडाची होती. एकीवर नटी, दुसरीवर गुलाबी कमळ. धबधबा कुठंच नाही. मी म्हटलं, सगळीकडे एकच खूण करू. डोंगराची एक रेघ, पाण्याच्या तीन, आणि रंग दोनच, मोरपंखी आणि तांबड्या मातीचा. पुण्याच्या माणसानं शिरवळला हायवेवर जी खूण पाहिली, तीच त्याला वळणावळणावर, तिकिटावर, चहाच्या टपरीवर दिसली पाहिजे.

"चार रेघा बघून कमिटी हाकलून दील आपल्याला," दादा म्हणाला.

हाकललं नाही. श्रावणात एवढी माणसं लोटली की कमिटीनं साताऱ्यात सत्कार ठेवला. तिथं जाहिरातीचं ऑफिस चालवणारे राजवर्धन साहेब येणार होते आणि खूण काढणाऱ्याला नोकरीवर घेणार होते. मला ती नोकरी हवी होती, इतकी की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

"तुजं नाव मीच सांगतो," दादा म्हणाला. "तू नगं बोलू, तुला धीर व्हायचा न्हाई."

स्टेजवर साहेबांनी विचारलं, रंग दोनच का? दादानं माईक धरला. "पाऊस झाला की आमच्या डोंगरात दोनच रंग उरत्यात, साहेब."

वाक्य माझं होतं. भाकरी थापताना मी त्याला सांगितलेलं, शब्द न् शब्द. आता नाव घेईल, आता घेईल म्हणून मी वाट बघत राहिले, तोवर शाल त्याच्या खांद्यावर पडली. खाली उतरल्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तर दादा म्हणाला, "धाकटी बहीण. खाकं टोचती."

"नाव कुणाचं का असंना, घरातच आलं की," आई म्हणाली. मला तिचाही राग आला. दादा मात्र मान खाली घालून म्हणाला, "माईक हातात आला आन् मी घाबरलो गं. सायबांना सांगतो सवडीनं."

मी विश्वास ठेवला, मूर्खासारखा. साहेबांकडची नोकरी दादाला लागली. दर रविवारी तो साताऱ्याहून काम आणायचा, मी काढून द्यायची. चार महिने त्याला सवड झाली नाही.

मग एका सोमवारी सांगलीच्या एका बागेसाठी काढलेली खूण घेऊन मीच त्या ऑफिसात गेले. साहेबांनी कागद निरखून पाहिला. "वा. कपिलनं मागवलं होतं होय?"

"मी काढलंय. दुधाणीचंही मीच काढलं होतं. कागद द्या, तुमच्यासमोर बसून काढते."

ते हसले नाहीत, एवढं त्यांचं भलेपण. त्यांनी दादाला आत बोलावलं. "कपिल, या काय म्हणतायत?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. तिथं गर्दी नव्हती, माईक नव्हता. खोलीत आम्ही तिघंच. खरं सांग, मी मनात म्हणत होते, एवढं सांग आणि मागचं सगळं मी सोडून देते.

"लाडाची हाय, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "माजं बघून बघून शिकलीया. जा आमे, घरी जा."

साहेबांनी मला कागद दिला नाही. घरचं भांडण घरीच मिटवा म्हणाले, आणि माझं चित्र त्याच्या हातात दिलं.

तो घाबरला होता, असं मी चार महिने स्वतःला समजावत आले होते. त्या दिवशी तो घाबरला नव्हता.