त्सोसीच्या छपराखालचा कॅमेरा

लेरॉय त्सोसीने घराच्या छपराखाली कॅमेरा बसवला, त्याच संध्याकाळी देल्फीना कांडेलारिया रस्ता ओलांडून त्याच्याशी भांडायला गेली. तो अजून शिडीवरच होता.

"हे काय लावलंयस?"

"कॅमेरा, आजी."

"मी तुझी आजी कधीपासून झाले?"

लेरॉय खाली उतरला. तो नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. त्याच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, आजी नाहीतर आजोबा. देल्फीनाला हे चांगलं ठाऊक होतं, पण भांडायला आलेल्या माणसाला काहीतरी निमित्त लागतं.

"माझं दार दिसतं त्यात," ती म्हणाली. "मी कधी आत गेले, कधी बाहेर आले, कोण आलं, कोण गेलं, हे सगळं तू बसून बघणार?"

"तुमचं दार कशाला बघू? मला माझा ट्रक बघायचाय."

ट्रकचं दुःख अख्ख्या गल्लीला माहीत होतं. लेरॉय फरशा बसवायचं काम करायचा. वसंतात एका पहाटे चोरांनी त्याच्या ट्रकची काच फोडून फरशी कापायचं यंत्र, पट्ट्या, थाप्या, सगळं उचलून नेलं. हत्यारंच नाहीत तर काम कुठलं? कितीतरी दिवस तो बिचारा अंगणात नुसता बसून होता. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहराच्या त्या भागात हे नवीन नव्हतं. सकाळी दार उघडावं तर कुणाच्या ना कुणाच्या गाडीपाशी काचेचा चुरा पडलेला. निदान काच तरी वाचावी म्हणून लोक गाडीला कुलूपच लावेनासे झाले होते. पलीकडच्या घरात भाड्याने राहणारी कॉरिन नावाची शिक्षिका तर म्हणायची, "आत या, बघा, काही नाहीये, जा. एवढंच सांगणं आहे माझं त्यांना."

देल्फीनाला या सगळ्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिची काळजी वेगळी होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिचा नवरा एलिसेओ हळूहळू विसरत चालला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. कधी तो एकाच पायात बूट घालून ओट्यावर उभा राही, कधी बनियनवरच कचऱ्याच्या डब्याशी गप्पा मारी. देल्फीना त्याला हाताला धरून आत आणी आणि दाराला वरची कडी घाली. शेजारच्या प्रुडेन्सियाने विचारलं की सांगे, "उन्हाचा त्रास होतो त्याला." चाळीस वर्षं शहराची बस चालवलेला तिचा रुबाबदार नवरा असा कुणाच्या फोनवर दिसावा, लोकांनी एकमेकांना दाखवून हळहळावं, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

लेरॉय पुन्हा शिडीवर चढला आणि कॅमेऱ्याचं तोंड वळवलं. "आता फक्त रस्ता दिसेल. रस्त्यावरच्या गाड्या. तुमचा ओटा नाही, दार नाही. येऊन बघा हवं तर."

"बघायचं नाही मला," म्हणत ती परत गेली. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं. म्हणजे तिने बंद केलं. तो आपला येताजाता हात वर करायचाच.

कॅमेऱ्याचा गुण मात्र आला. त्यात दिवा होता, भोंगाही होता, आणि लेरॉय कुठेही असला तरी त्याच्या फोनवरून भोंग्यात बोलू शकायचा, रस्त्यावरचं ऐकूही शकायचा. लेरॉयचा आवाज म्हणजे डोंगरापलीकडच्या मेंढ्या वळवायला घडवलेला. एकदा पहाटे डोक्यावर टोपी ओढलेला एक इसम गाड्यांची दारं ओढून बघत होता. लख्ख दिवा पेटला आणि वरून आवाज आला, "काय हवंय?" तो इसम इतका दचकला की "माफ करा, साहेब" म्हणून उघडलेलं दार नीट लावून सायकलवरून पळाला. ही गोष्ट प्रुडेन्सियाने गल्लीभर सांगितली, दर वेळी थोडी वाढवून. मग तिनेही कॅमेरा घेतला, कोपऱ्यावरच्या घराने घेतला. उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर काचेचा चुरा दिसेनासा झाला. देल्फीनाला हे दिसत होतं, पण कबूल करायला ती तयार नव्हती.

जून महिना. सांदिया डोंगरावर ढगाचा ठिपका नाही. छपरावरचा कूलर घरघरत होता आणि तरी भिंती तापलेल्या. जेवणात बीन्स आणि भाजलेली हिरवी मिरची झाली, एलिसेओ खुर्चीत डुलकी घ्यायला लागला, म्हणून देल्फीना मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढायला गेली. सकाळी बाजाराच्या पिशव्या आत आणताना तिचे दोन्ही हात भरलेले होते. पुढच्या दाराची वरची कडी घालायची राहून गेली होती.

लेरॉय त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी न्हाणीघरात गुडघे टेकून फरशी बसवत होता. खिशातला फोन थरथरला. त्याने हाताचं सिमेंट पॅंटला पुसला आणि बघितलं. एक माणूस रस्त्यावरच्या गाड्यांची दारं ओढून बघत होता. पहिली गाडी बंद. दुसरी बंद. लेरॉयने ओरडायला छाती भरून घेतली आणि तेवढ्यात त्याला बनियन दिसलं, पांढरे केस दिसले, अनवाणी पाय दिसले.

"आजोबा?"

एलिसेओने वर पाहिलं, आवाज कुठून येतोय ते शोधलं आणि कुठेच कुणी न दिसल्यावर हवेलाच नमस्कार केला. तिसरी गाडी कॉरिनची. ती अजूनही जुन्या सवयीने उघडीच असायची. दार उघडलं, आणि एलिसेओ चालकाच्या जागी ऐसपैस बसला. एक पाय बाहेर.

"आजोबा, ती गाडी तुमची नाही. बाहेर या. घरी जा, ऊन आहे."

"बायकोला घ्यायला आलोय," एलिसेओ म्हणाला.

देल्फीनाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. इतकी वर्षं समोर राहून नंबर नव्हता. त्याने त्या घराच्या मालकाचा फोन मागून घेतला आणि त्यावरून रुग्णवाहिका बोलावली. आपल्या फोनवर म्हाताऱ्याला बोलतं ठेवलं, निदान दार उघडं राहावं म्हणून. पण थोड्या वेळाने एलिसेओ म्हणाला, "फार ऊन लागतंय," आणि पाय आत घेऊन त्याने दार ओढून घेतलं. काचा बंद. त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी उत्तर आलं नाही.

मग लेरॉयने गल्लीलाच हाक घातली.

देल्फीनाच्या हातात उशीचा अभ्रा होता. रस्त्याकडून कुणीतरी गरजत होतं, "आजी! देल्फीना आजी! रस्त्यावर या! आजोबा गाडीत आहेत!" आधी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी हा माणूस माझ्या नावाने बोंबलतोय! आणि पुढच्याच क्षणी 'आजोबा' हा शब्द तिच्या कानात शिरला. ती घरातून धावत गेली. खुर्ची रिकामी. दार सताड उघडं.

"पांढरी गाडी! कॉरिनची! माझ्या ट्रकच्या मागची!"

तिने दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी धग अंगावर आली. एलिसेओ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. चेहरा लालबुंद, आणि अंगाला घामाचा थेंबही नाही. "एलिसेओ! अरे ऊठ ना!" तिच्याने तो हलेना. प्रुडेन्सिया हाका ऐकून धावली होती. दोघींनी काखेत हात घालून त्याला ओढत लेरॉयच्या झाडाखाली आणलं.

"पाण्याची नळी भिंतीपाशी आहे," वरून आवाज आला. आता तो ओरडत नव्हता. "अंगावर सोडा. मानेवर, काखेत. रुग्णवाहिका निघालीये, आजी. मी इथेच आहे. फोन ठेवत नाही."

पाणी अंगावर पडलं. बऱ्याच वेळाने एलिसेओने डोळे किलकिले केले आणि प्रुडेन्सियाला म्हणाला, "बाई, माझे कपडे भिजवलेत तुम्ही." प्रुडेन्सिया रडता रडता हसली. देल्फीनाच्या हातात तो अभ्रा अजून तसाच होता. तो ओला करून ती त्याच्या कपाळावर धरून बसली, रुग्णवाहिका येईपर्यंत. तिला बघायला सगळी गल्ली जमली होती, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दोन दिवसांनी एलिसेओ घरी आला, अशक्त, पण खाणंपिणं मागत. त्याच संध्याकाळी देल्फीनाने लाल मिरचीच्या रश्शातल्या मक्याच्या पोळ्यांचं, एंचिलादांचं, भांडं फडक्यात बांधलं आणि प्रुडेन्सियाला एलिसेओपाशी बसवून रस्ता ओलांडला.

लेरॉयने दार उघडलं. तिने भांडं पुढे केलं.

"गरम आहे," ती म्हणाली. "सांभाळून धर."

"आत या, आजी."

या वेळी 'आजी'वरून तिने वाद घातला नाही. आत जाऊन खुर्चीत बसली. लेरॉयने कॉफी केली.

"तू ते तोंड वळवलं नसतंस," ती म्हणाली, "तर तो दारातून निघाला तेव्हाच तुला दिसला असता. मीच वळवायला लावलं."

"आणि कॅमेराच नसता तर? तसं धरलं तर त्या चोराचेही आभार मानावे लागतील, ज्याने माझी हत्यारं नेली."

"त्याचे तू मान. मी तुझेच मानते." तिने कप खाली ठेवला. "लोकांना कळू नये म्हणून मी त्याला कोंडून ठेवत होते, लेरॉय. लाज वाटायची. त्याची नाही रे. म्हणजे, काय सांगू तुला."

"माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं," लेरॉय म्हणाला. "आमच्याकडे मेंढ्या राखणाऱ्यापासून सगळ्यांना माहीत होतं. ते कुठेही भटकले तरी कुणीतरी हात धरून आणून सोडायचं." त्याने खिशातून फोन काढला. "एक ऐकवायचंय. तुमची इच्छा असली तरच. त्या दिवशीचं आहे. मी अजून कुणालाही दाखवलेलं नाही."

तिने मान हलवली. त्याने फोन तिच्यासमोर धरला, तेव्हा तिने चित्राकडे पाहिलं नाही. डोळे मिटून नुसतं ऐकलं.

"बायकोला घ्यायला आलोय," एलिसेओचा आवाज.

"कुठे आहे बायको?" हा लेरॉय, जीव मुठीत धरून, तरी सहज विचारल्यासारखा.

"इथेच, दवाखान्याच्या धोबीखान्यात. ड्यूटी सुटेल आता. दिवसभर उभी असते हो, वाफेत. पाय सुजतात तिचे. म्हणते, बसने येईन. मी म्हटलं, दिवसभर बस मी चालवतो आणि माझ्या बायकोने धक्के खायचे? मी असताना?"

"नाव काय तिचं?"

"देल्फीना," एलिसेओ म्हणाला, जसं काही हे सगळ्या जगाला माहीत असायला हवं. "थोडी तापट आहे. पण तिच्यासारखी दुसरी नाही."

देल्फीनाने तोंडावर पदरासारखं ते फडकंच धरलं. धोबीखान्याची नोकरी सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती, आणि कित्येक महिन्यांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. कधी तो तिला आपली बहीण समजायचा, कधी नुसताच पाहुण्याशी वागावं तसा अदबीने वागायचा. तिने मनाशी धरलं होतं की आपण त्याच्यातून पुसले गेलो. आणि तो भर उन्हात अनवाणी बाहेर पडला होता तो तिला आणायला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

लेरॉयने पुन्हा लावलं. मग तो उठून एंचिलादा वाढायला गेला आणि मुद्दामच स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी वाजवत राहिला.

निघताना ती दारात थांबली. "उद्या शिडी घेऊन ये. माझ्याकडेही एक लाव. दारावर, ओट्यावर, अंगणावर, सगळीकडे दिसू दे. आणि माझा नंबर लिहून घे. प्रुडेन्सियालाही दे, कॉरिनलाही दे."

"नक्की, आजी?"

"नक्की म्हणजे! आणि त्या पोरीला सांग, गाडीला कुलूप लाव म्हणावं आता."

कॅमेरा बसला, लेरॉयच्या फोनलाही जोडून. गल्लीलाही सगळं कळलं, आणि देल्फीनाला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. उलट कॉरिन शाळेतून येताना एलिसेओशी दोन शब्द बोलून जायला लागली आणि कोपऱ्यावरचा म्हातारा त्याच्याबरोबर पत्ते खेळायला बसू लागला, हरला तरी तक्रार न करता.

एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर देल्फीनाने अंगणात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीच्या काचा खाली केल्या आणि एलिसेओला चालकाच्या जागी बसवलं. किल्ली तिच्याच खिशात होती. "बस इथे. मी आलेच," ती म्हणाली. घरात जाऊन तिने केस विंचरले, पूर्वी कामावर न्यायची ती जुनी पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढच्या दाराने बाहेर आली. गाडीचं दुसरं दार उघडून त्याच्या शेजारी बसली.

एलिसेओने तिच्याकडे नीट पाहिलं.

"उशीर केलास, म्हातारे."

"काम फार होतं आज."

"पाय दुखतायत?"

"दुखतायत," ती म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. समोर सांदिया डोंगर कलिंगडाच्या फोडीसारखा लाल झाला होता. दोघं तसेच बसून राहिले, न हलणाऱ्या गाडीत. तेवढ्यात ओट्यावरच्या कॅमेऱ्यातून हळूच आवाज आला, "सुटली का ड्यूटी, आजी?"

"सुटली रे बाबा," ती वर बघून म्हणाली. "ये, जेवायला ये."

"कोण आहे तो?" एलिसेओने विचारलं.

"आपलाच आहे," देल्फीना म्हणाली.