चार कोच आणि एक फळा

मी टॅमरॅक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा फळा बोलतोय. काळा रंग फासलेल्या लाकडाचा नव्हे, खऱ्या दगडाचा. तुमच्या आजोबांनी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, तिच्याच जातीचा. पेनसिल्व्हेनियाच्या एका खाणीतून मला सोलून काढलं, आगगाडीनं टॅमरॅकला आणलं, आणि चार माणसांनी मिळून खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर चढवलं. साल एकोणीसशे एकवीस.

मला मागवलं ते एम्लिन प्रॉसर यांनी, संघाच्या पहिल्या कोचनी. ते सकाळी गणित शिकवत आणि दुपारी तीननंतर कोच होत. मग माझ्यावर खडूनं चाली काढत: गोल म्हणजे आपले गडी, फुल्या म्हणजे समोरचे, आणि प्रत्येक गोलातून एक बाण. बाण काढून झाला की दोन पावलं मागे सरत आणि मान तिरकी करून बघत. "मंडळी, हा चेंडू लंबगोल आहे, तो कुठेही उडेल. तुम्ही मात्र ठरल्या जागी असा," असं रोज सांगत. मुलं त्यांच्या पाठीमागे हुबेहूब नक्कल करायची. सव्वीस वर्षं नक्कल झाली. प्रॉसर एकदाही मागे वळले नाहीत. माझ्या शेजारच्या खिडकीच्या काचेत त्यांना सगळं दिसायचं, हे फक्त मला ठाऊक होतं.

मग आले गॅरिटी. नुकतेच महायुद्धावरून परतलेले. लिहायचे कमी, आपटायचे जास्त. एका मध्यंतरात त्यांनी डस्टर असं भिरकावलं की माझ्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले, त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चुकलं रे माझं." हे वाक्य त्यांना मुलांना ऐकवायचं होतं. ते कधी जमलं नाही. नऊ वर्षं ते दगडालाच ऐकवत राहिले.

छप्पन साली आर्विड लिंडक्विस्ट आले, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. सकाळी सहाला येऊन आधी मला ओल्या फडक्यानं पुसायचा, मग त्या दिवशीच्या अकरा गड्यांची नावं उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहायचा. नाव लिहिताना ते ओठांत पुटपुटायचा. अठ्ठावीस हंगाम असे गेले. कधी जिंकलो, कधी हरलो. एकसष्ट साली एकही सामना हरलो नाही. त्या संघात लेस्टर कोवाल नावाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. सगळे त्याला लेस म्हणायचे. पुढे लेस व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टर घेऊन गेला तो जिवंत परतला नाही. त्याचा फोटो आमच्या खोलीबाहेर लावला होता. लेसबरोबर एकाच खोलीत राहणारा वेंडेल स्टाउट मात्र कॉलेजातच राहिला आणि लिंडक्विस्टचा मदतनीस कोच झाला.

चौऱ्याऐंशी सालचा ऑगस्ट. सरावाचा पहिला आठवडा. लिंडक्विस्टनी नावं लिहिली आणि कॉफी आणायला गेले. वेंडेल आत आला, वाचता वाचता थांबला. उजव्या टोकाला जे नाव होतं, तो मुलगा दहा वर्षांपूर्वीच पदवी घेऊन गेला होता. वेंडेल हसला. म्हातारा गंमत करतोय, असं त्याला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी अशी तीन नावं होती. तेव्हा तो हसला नाही. बाहीनं तेवढी नावं पुसली आणि खरी नावं लिहिली, तशीच उजवीकडे झुकलेली.

मग ते रोजचंच झालं. माणूस दुसऱ्याचं अक्षर इतक्या मायेनं गिरवतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

एक दिवस तो असा गिरवत असतानाच मिसेस लिंडक्विस्ट दारात आल्या. अल्मा त्यांचं नाव. हातात नवऱ्याचा विसरलेला चष्मा आणि दालचिनी घातलेल्या गोड पावांचा डबा.

"वेंडेल, काय चाललंय?"

"काही नाही, मिसेस लिंडक्विस्ट. फळा पुसतोय जरा."

"खोटं नको बोलूस. तू कॉलेजात होतास तेव्हापासून तुला ते जमत नाही." त्यांनी डबा बाकावर ठेवला. "काल संध्याकाळी आर्विड अंगणात उभा राहून कुत्र्याला हाका मारत होता. कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली."

"हंगाम संपेपर्यंत मी सांभाळतो. कोणाला कळायचं नाही."

"आणि त्याला? त्याला कधी कळायचं? मी डॉक्टरकडे चल म्हणते, तर म्हणतो, 'जा, फळा बघून ये, एक नाव चुकलेलं दाखव.' तू इथे चुका पुसतोस आणि घरी मी वेडी ठरते."

वेंडेलचा हात खाली आला. "माझ्यानं नाही सांगवणार त्यांना."

"माझ्यानं कुठे सांगवतंय," अल्मा म्हणाल्या. "पाव गरम आहेत तोवर खा."

ऑक्टोबरात जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा शनिवार आला. मैदान खचाखच भरलेलं. मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. घामानं निथळणारी चाळीस मुलं माझ्यासमोर बसली होती. लिंडक्विस्टनी खडू घेतला, गोल काढले, नावं लिहिली. दहा नावं बरोबर आली. अकराव्या गोलापाशी, क्वार्टरबॅकच्या जागी, त्यांनी लिहिलं: कोवाल.

"लेस, दुसऱ्या अर्ध्यात चेंडू हातात धरून बसू नकोस. लवकर सोड," ते म्हणाले आणि वळले. "लेस कुठाय?"

खोलीबाहेरचा लेसचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला होता. दाराशी उभ्या वेंडेलचा चेहरा माझ्यावरच्या खडूसारखा पांढरा झाला. लिंडक्विस्ट एकेका तोंडाकडे बघू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती उतरायला लागली.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून क्वार्टरबॅक उठला. कर्टिस हेल, वीस वर्षांचा, दूधवाल्याचा मुलगा.

"इथे आहे, कोच."

"ऐकलंस ना?"

"हो कोच. लवकर सोडतो."

कोणी हसलं नाही. कोणाच्या मोज्याला भोक पडलं तरी तासभर खिदळणारी मुलं ती! एकजणही हसला नाही.

सामना आम्ही हरलोच. मैदान रिकामं झाल्यावर लिंडक्विस्ट टोपी न्यायला आले. मला अजून कोणी पुसलं नव्हतं. ते वाचत गेले आणि अकराव्या गोलाखाली त्यांचं बोट थांबलं. वेंडेल मागे येऊन उभा राहिला.

"लेस गेला ना रे?"

"हो कोच. अडुसष्टमध्ये."

"मी गेलो होतो का, त्याला पोचवायला?"

"खांदा दिला होतात तुम्ही. तुमच्या मागे मी होतो."

लिंडक्विस्ट बाकावर बसले. टोपीची कड चाचपू लागले.

"तू कधीपासून पुसतोयस?"

"ऑगस्टपासून."

"तरीच! मला वाटलं, माझं अक्षर सुधारलं."

वेंडेलला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. "रागावलात का माझ्यावर?"

"रागावलोय तर. पण घाई कर आणि आजच माफी माग. उद्या मला आठवेल याचा भरवसा नाही."

सोमवारी त्यांनी सगळ्या संघाला बसवलं आणि खडू वेंडेलच्या हातात दिला.

"पोरांनो, माझ्या डोक्यातून नावं सांडायला लागलीत. खेळ अजून शाबूत आहे, डॉक्टर बघतील किती दिवस ते. उरलेले तीन सामने वेंडेल लिहील आणि मी तुमच्याजवळ बसेन. मी चुकीच्या नावानं हाक मारली तर तिथल्या तिथे सांगायचं. माझा मान राखायला म्हणून गप्प बसायचं नाही."

कर्टिसनं बिचकत हात वर केला. "कोच, शनिवारी मी..."

"शनिवारी तू फार चांगलं वागलास. नाव काय तुझं?"

"कर्टिस हेल, कोच."

"हेल, चेंडू मात्र उशिराच सोडलास."

खोली हसण्यानं दणाणली. शनिवारपासून कोंडलेलं ते हसू होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज म्हाताऱ्याचा.

उरलेले तिन्ही सामने आम्ही हरलो. शेवटच्या दिवशी लिंडक्विस्ट दाराशी उभे राहिले आणि प्रत्येकाशी हात मिळवला. प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं, आणि त्यांनी ते ओठांत पुटपुटलं. रांग संपायला पाऊण तास लागला. अल्मा गाडीत बसून होत्या, पण एकदाही हॉर्न वाजवला नाही.

चौथा कोच वेंडेल. बावीस वर्षं त्यानं माझ्यावर लिहिलं. त्याचं मूळ अक्षर सरळ होतं म्हणतात. माझ्यावर ते पुन्हा कधी सरळ उमटलं नाही.

त्यानंतरच्या कोचना पडद्यावर चालणारी चित्रं लागतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, मुलं त्यातूनही शिकतात. मला आता नव्या स्टेडियमच्या दालनात लावलंय आणि पांढऱ्या तेलरंगानं माझ्यावर सगळ्या मुख्य कोचची यादी रंगवलीय. नाव, हंगाम, विजय, पराभव. फळ्यावर कायमचं लिहिणं म्हणजे काय, ते फळ्यालाच विचारा. सामन्याच्या दिवशी लोक हातात कॉफी घेऊन वाचतात. लिंडक्विस्टच्या शेवटच्या ओळीशी बोट थांबतं: चौऱ्याऐंशी, विजय दोन, पराभव सात. "म्हातारा वेळेवर थांबला असता तर!" असं म्हणून पुढे जातात.

त्यांची चूक नाही. आकडे खरेच आहेत.

पण तुम्ही इकडे आलात तर एक काम करा. खिशात खडूचा तुकडा असू द्या. दोन ओळींच्या मधला माझा दगड अजून उघडा आहे, खडू छान उमटतो. त्या सात पराभवांच्या शेजारी बारीक अक्षरात "इथे आहे, कोच" एवढं लिहा. संध्याकाळी झाडणारे पुसून टाकतील. टाकू देत. पुन्हा कोणी येईल, पुन्हा लिहील. मला तीच सवय आहे.