ऊनपाण्याचं घर

मढच्या अलीकडच्या वस्तीवर चाळीस शिपायांचं देऊळ आहे. कौलारू छपरावर क्रूस आणि मागे तळं. रोमच्या राजानं ख्रिस्ताला न सोडणाऱ्या चाळीस शिपायांना गोठलेल्या तळ्यात उघडं उभं केलं आणि काठावर ऊन पाण्याचं न्हाणीघर तापत ठेवलं, ही गोष्ट इथल्या पोरांना पाळण्यापासून पाठ. एक शिपाई पळाला तो न्हाणीच्या उंबऱ्यातच मेला. उरलेले संत झाले. त्यांचा सण येतो मार्चात, पण तेव्हा तळ्यात नुसता चिखल असतो. म्हणून वस्ती तो जानेवारीतच उरकते.

सणाच्या पहाटे पुरुष उपाशीपोटी छातीभर पाण्यात उतरतात. क्रूसावर ऊन आलं की देवळाचा कारभारी सावळेराम घंटा वाजवतो. तोवर काठावर चुलीवर हंडा तापत राहतो. ती चूल विझू द्यायची नाही. जो पळून हंड्याशी येईल, त्याच्या घरानं पुढं दरसाल ती पेटवायची. त्या घरातला पुरुष घंटेपर्यंत टिकला, तरच सुटका.

द्रौपदाचा मुलगा शौर्य बालवाडीत असताना तिचा नवरा कुंडलिक पळाला होता. लाजेनं तो चाकणला वॉचमन झाला, परत आला नाही. चूल द्रौपदाच्या गळ्यात पडली. लग्नाकार्यात बाया तिला ‘ऊनपाण्याच्या घरची’ म्हणत. त्याच नावापायी शौर्यची सोयरीकही मोडली.

यंदा तो पहिल्यांदा पाण्यात उतरला. आदल्या आठवड्यात तापानं फणफणला होता.

“द्रौपदे, हंडा मोठा आणलास गं,” सावळेराम म्हणाला. “पोराच्या मापाचा हाय व्हय?”

“नाव शौर्य आन् बाप वॉचमन!” पाण्यातून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

शौर्यचे दात वाजत होते. काठावर ऐकू येत होतं. मग तो दोन पावलं काठाकडे सरकला.

“आई, हात कळंना झालेत.”

बायांनी माना वळवल्या. एकीनं मोबाइल वर धरला. द्रौपदा उठली आणि तिनं हंड्याला लाथ घातली. पाणी चुलीत गेलं, वाफेचा लोट उठला.

“इझली चूल. आता कशाला येतोस? जा मागं.”

शौर्यनं तिच्याकडे नुसतं बघितलं. मागं फिरला. थोड्या वेळानं त्याची थरथर थांबली. स्थिरावला, तिला वाटलं. त्यानं अंगातली बनियन ओढून काढली.

“उकडतंय लई,” तो पुटपुटला.

“ऐकलं का? उकडतंय त्याला!” सावळेराम म्हणाला. “रक्त हाय गड्या!”

द्रौपदानं कितीतरी वर्षांनी मान वर केली.

क्रूसावर ऊन आलं, घंटा झाली. पुरुष निथळत बाहेर आले. शौर्य तिथंच होता, दोघांच्या खांद्यांमध्ये अडकून. ते बाजूला झाले तसा तो पाण्यात गेला.

जीप ओतूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. “थरथर थांबली तेव्हाच काढायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाली. “अंगात ऊब करायचं बळ संपलं की थरथर थांबते. मग माणसाला उकडायला लागतं.”

मातीनंतर द्रौपदा देवळाच्या पायरीवर बसली. तिनं सावळेरामला एवढंच विचारलं, “चूल सुटली ना?”

सावळेरामनं टोपी काढली, परत घातली.

“पोर संतांच्या पंगतीला गेलं, बाई. त्याच्याबद्दल कोण बोलतंय? पन घंटंच्या आदी चूल इझली, ती तुझ्या पायानं. नेम मोडला.”

“मग?”

“मग तुझ्याकडंच. आन् आता घरात पुरुष न्हाई.”

बाया उठून चहाचं आधण बघायला गेल्या.

पुढल्या जानेवारीत द्रौपदानं चूल पेटवली. चेमटलेला हंडा ठोकून आणला होता. सावळेरामचा नातू पहिल्यांदाच पाण्यात उतरला होता, सडपातळ, खोकणारा. तो लटलट कापत होता.

“टिक रं वाघा!” सावळेराम घंटेपासून ओरडला.

द्रौपदानं एक लाकूड पुढं सारलं, पदर सावरला आणि पोराची थरथर कधी थांबते ते बघत गप्प बसून राहिली.